नाशिक, उजवीकडून डावीकडे

मी थापा मारते, असं आमच्या भावकीत सगळे म्हणतात. त्यात तथ्य नाही. पाहुण्याच्या पानात भात वाढावा तशी मी गोष्ट वाढते, समोरचा हात आडवा करेपर्यंत. पण आज जे सांगतेय त्यात एक शीतही जास्तीचं नाही. माझं वजन तेवढं वेगळं सांगितलंय, आणि तेही कमी करून.

झालं असं की आमच्या महिला मंडळानं फोटोग्राफीचा वर्ग काढला. पाच रविवार. मागे आम्ही केकचा वर्ग केला होता, त्याच्या आधी मेंदीचा. माझी थोरली जाऊ म्हणाली, "तू नको येऊस बाई, त्यात डोकं लागतं." म्हणून गेले. लेकीनं पुण्याला नोकरीला जाताना जुना कॅमेरा कपाटात टाकला होता, तो पुसला आणि गळ्यात अडकवला. पहिल्या दिवशी मी त्याची टोपी न काढताच चाळीस फोटो काढले. सगळे काळे. मी म्हटलं, माझी ही शैली आहे.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी चौथ्या रविवारी मंडळाच्या हॉलचे पडदे ओढले, दिवे घालवले आणि लाइट पेंटिंग शिकवलं. म्हणजे कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, त्याचा डोळा मिनिटभर उघडा ठेवायचा आणि अंधारात त्याच्यासमोर बॅटरी फिरवायची. उजेड जिथून जिथून गेला, तिथे फोटोत रेघ उरते. "कोण येतं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी पुढेच होते, कारण मी नेहमीच पुढे असते.

काळी साडी नेसलेली मी. हिरव्या-लाल उजेडाची बॅटरी घेऊन मिनिटभर अशी काही नाचले की गणपतीसमोरचं लेझीम पथक लाजेल. मग दिवे लावले आणि मॅडमनी पडद्यावर फोटो दाखवला. हिरवी वेटोळी, लाल वेटोळी, मोठं सुंदर चक्र. आणि मी नाही. शोधशोध शोधलं. ब्याऐंशी किलोची बाई, लग्नात मांडवाचा खांब हलवलेली, मिनिटभर कॅमेऱ्याच्या नाकासमोर थयथयाट करते आणि तिचं नखसुद्धा उमटत नाही! माझी वाचाच बसली. जाऊ शेजारून म्हणाली, "हिला गप्प करणं एवढं सोपं होतं, तर हे आधीच शिकवायचं ना मॅडम."

मॅडमनी समजावलं. काळे कपडे, अंगावर उजेड नाही, आणि माणूस एका जागी थांबत नाही. कॅमेऱ्याला तो दिसणार कसा? त्याला फक्त दिवा दिसतो. मला ते पटलं, पण धक्का काही गेला नाही. घरी येऊन मी आरशात दोनदा बघून घेतलं.

पाचव्या रविवारी ठरलं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीनं आपला एक फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा. मॅडम एकेकीला विचारत गेल्या. कुणी म्हणालं फूल काढीन, कुणी म्हणालं बदाम, जाऊ म्हणाली तुळस. माझी पाळी आली आणि माझ्या जिभेनं मला न विचारता जाहीर केलं: "मी हवेत नाशिक लिहिणार. मागे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या, खाली आमची मेथी, आणि मधे अधांतरी, हे एवढं मोठं, नाशिक! एका दमात! स्वतःच्या हातानं!"

टाळ्या पडल्या. जाऊ म्हणाली, "नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर वर्षभर तोंड उघडणार नाही."

हॉलमध्ये जो आनंदाचा गलका झाला तो मला आवडला नाही. मॅडमनी एकच अट घातली, कॉम्प्युटरवर काही फिरवाफिरवी करायची नाही. कॅमेऱ्यात जे आलं तेच भिंतीवर. मी म्हटलं, फिरवाफिरवी करायला मी काय पुढारी आहे?

आमचं घर शेतातच आहे, एकलहऱ्याच्या अलीकडे. मालक ओझरच्या कारखान्यात, ते दुसऱ्या पाळीला गेले की रात्री उशिरा येतात. थोरले दीर आणि जाऊ शेजारच्या घरात. भाजीपाला ते बघतात. आमच्याकडे मी आणि सासरे. त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना पेंटर होते. नाशकात द्वारका चौकात त्यांची टपरी होती. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, काचांवरची नावं, सगळं त्यांच्या हातचं. मग रेडियमचे स्टिकर आले तरी नाना हटले नाहीत. हटवलं ते हातानं. चार वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. त्या दिवसापासून तो हात स्वेटरच्या खिशात गेला तो गेला. उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर. लग्नाला नाही, बारशाला नाही, मयताला नाही. हात लोकांना दिसू नये म्हणून माणसानं गाव सोडलं होतं, गावातच बसून.

आणि एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जगात मी कुणापुढे गप्प बसत नाही, नानांपुढे सोडून. सव्वीस वर्षांत मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिलेला नाही आणि ते माझ्याशी समोरासमोर बोललेले नाहीत. आमच्यात सासरा सुनेशी तिसऱ्यामार्फत बोलतो. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यामार्फत, मग पोरांमार्फत. पोरं नोकरीला गेली तेव्हापासून कुत्र्यामार्फत. "चहा झाला असंल तर सांग म्हणावं," असं नाना कुत्र्याला सांगतात आणि मी कुत्र्याला सांगते की साखर संपलीय. कुत्रा दोन्हीकडे मान हलवतो. कुणाचं काही अडत नाही.

तर पहिल्या संध्याकाळी, दिवेलागण होऊन अंधार पडल्यावर, मी मेथीच्या वाफ्याच्या कडेला कॅमेरा लावला. एका हातात रिमोट, एका हातात बॅटरी. दाबलं आणि झोकात लिहिलं, नाशिक. फोटो पाहिला. चिमण्यांचे लाल दिवे सुंदर, मेथी सुंदर, आणि मधे जे काही होतं ते चिनी भाषेत होतं. मला वाटलं कॅमेरा बिघडला. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, मी कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहितेय, तो समोरून बघतोय! माझं डावं ते त्याचं उजवं. त्याला सगळं आरशातल्यासारखंच दिसणार!

मी फोटो कॉम्प्युटरवर गपचूप उलटवून पाहिला. पाप केलं, कबूल. आता नाशिक सरळ झालं, पण चिमण्या विहिरीच्या उजव्या अंगावरून डाव्या अंगाला गेल्या. जाऊच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीस वर्षं त्या चिमण्याच दिसतात. तिनं एका नजरेत माझी चोरी पकडली असती.

मग मी आरसा घेऊन बसले. ना उलटा कसा दिसतो, शि उलटा कसा दिसतो, क उलटा कसा दिसतो, वहीवर दोनशे वेळा घोटलं. दोनशे म्हणजे वीस. दुसऱ्या संध्याकाळी छातीठोकपणे लिहिलं. अक्षरं बघितली तर एकेक अक्षर सुलटं, देखणं, वाचता येणारं! आनंदाच्या भरात फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि मग वाचला.

कशिना.

अक्षरं उलटी केली होती, पण सवयीनं सुरुवात डावीकडूनच केली होती. शहराची गाडी रिव्हर्समध्ये निघाली होती. मिनिटात जाऊचा मेसेज आला: "ही कशिना कोण गं? तुझी नवी मैत्रीण?" दीरांनी लिहिलं, "कशी ना? अशी ना, तशी ना." पुण्याहून लेकीनं सात हसरे चेहरे पाठवले. दुसऱ्या दिवशी भाजीवाला टेम्पो आला तर त्याचा ड्रायव्हर म्हणतो, "कशिना वहिनी, मेथीच्या किती जुड्या?" चोवीस तासांत माझं नाव बदललं, ना सरकारी कागद ना जाहिरात!

तिसऱ्या संध्याकाळी उजवीकडून सुरुवात केली, अक्षरंही उलटी काढली, क्रमही बरोबर. आता फक्त वरची शिरोरेघ. पण अंधारात आपण काय लिहिलंय ते आपल्याला कुठे दिसतंय? हवेत काहीच उरत नाही. मी अंदाजानं रेघ ओढली आणि ती सगळ्या अक्षरांच्या पोटातून आरपार गेली. फोटोत अख्खं नाशिक खोडलेलं! बघून मला घामच फुटला, जानेवारीच्या थंडीत. कुंभमेळ्याचं शहर मी एका फटक्यात रद्द करून टाकलं होतं. हळदीकुंकू परवावर आलं होतं. मला वर्षभराचं मौन दिसायला लागलं. मी मरणार नाही याची खात्री होती, पण वर्षभर न बोलता जगेन याची नव्हती.

तेवढ्यात पडवीतून आवाज आला. "सांग तिला, आधी रेघ. मग अक्षरं टांगायची. आधी दोरी, मग कपडे."

नाना कुत्र्याला सांगत होते. कुत्रा माझ्याकडे आलाच नव्हता, तो झोपला होता. आणि नाना खाटेवरून उठून वाफ्याकडे येत होते. तीन संध्याकाळी ते अंधारातून माझा तमाशा बघत होते हे मला तेव्हा कळलं, आणि मेथीत गडप व्हावंसं वाटलं.

ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. खिशातला हात बाहेर काढला. चार वर्षांत मी तो हात पहिल्यांदा नीट बघत होते. "बॅटरी," ते म्हणाले. कुत्र्याला नाही. मला.

मी पदर सावरून बॅटरी दिली. तिचा उजेड मेथीवर असा नाचायला लागला की पानांत काजवे भरले. मी रिमोट दाबला. नानांनी आधी एक लांब आडवी रेघ ओढली. मग उजवीकडून सुरुवात. एक अक्षर झालं की डाव्या तळव्यानं बॅटरीची काच झाकायची, बाजूला सरकायचं, पुन्हा उघडायची. कागद नाही, आरसा नाही, विचार नाही. मी रिमोट सोडला. फोटो उमटला.

नाशिक. सुलटं. क्रमानं. रेघ डोक्यावर. मी कॅमेऱ्याकडे बघतेय, मग नानांकडे. मी विचारलंच शेवटी, पहिल्यांदा, तोंडावर: "नाना, तुम्हाला उलटं कसं येतं?"

"द्वारकेला दुकानाच्या काचा आतल्या अंगानं रंगवायच्या. पावसानं रंग धुपू नये म्हून. आतून उलटं लिहिलं की बाहेरून सुलटं. आणि रुग्णवाहिका किती लिहिल्या! पुढच्या गाडीच्या आरशात वाचता यावं म्हून तोंडावर उलटंच लिहितात." ते थांबले. "मला कधी कधी सुलटं लिहायला येळ लागायचा."

मग त्यांनी फोटो जवळून बघितला. मीही बघितला. प्रत्येक रेघेला केस आले होते. थरथर सगळी उतरली होती, जाड, दातेरी.

"हे अक्षर नाय," नाना म्हणाले. "हे सुरवंट हाय." आणि हात पुन्हा खिशात.

मी म्हटलं, चांगलं दिसतंय, असं जरा हटके. त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं त्यांनी रेडियमच्या स्टिकरकडेच बघितलं असेल. घराकडे चार पावलं गेले. थांबले. "पाटी लिहिताना मनगटाखाली काठी लावायची," ते अंधाराला म्हणाले. "काठीचं टोक भिंतीला. मग हात हलत नाय. हितं भिंत कुठाय?"

मी धावत जाऊन बांबू आणला. बांबू त्यांच्यासोबत थरथरला. शिडी आणली. शिडी उंच पडली. खुरप्याचा दांडा, पाण्याचा पाइप, शेवटी कपडे वाळत घालायची दोरीही आणली. काहीच जमेना. नाना माझ्याकडे बघत राहिले, वरपासून खालपर्यंत, जसं पेंटर भिंतीकडे बघतो. प्लास्टर धरतं का, ओल आहे का.

"काळी साडी हाय का?"

संक्रांतीसाठी इस्त्री करून ठेवलेली चंद्रकळा होती. ती नेसून, डोक्यापासून हनुवटीपर्यंत पदर गुंडाळून आले.

"हितं उभी राह्य. कॅमेऱ्याकडं तोंड. हलायचं नाय. बोलायचं नाय."

आणि नाना माझ्या मागे उभे राहिले आणि त्यांनी आपलं मनगट माझ्या उजव्या खांद्यावर टेकवलं.

सव्वीस वर्षं ज्या माणसाच्या सावलीवर मी पाय पडू दिला नाही, त्याचा हात माझ्या खांद्यावर. एकलहऱ्याच्या सगळ्या तारा माझ्या अंगातून गेल्यासारखं झालं. पहिल्यांदा थरथर पूर्ण आली, सुगरण पक्षी मुठीत धरल्यासारखी. मग मी श्वास रोखला, पाय रोवले, आणि ती हळूहळू खाली बसली. थांबली नाही. बसली. मी म्हटलं देवा, ही एवढी चरबी तू माझ्या अंगावर चढवलीस ती भिंत म्हणूनच की!

मी रिमोट दाबला. रेघ. मग ना. ते "सरक" म्हणाले की मी बोटभर डावीकडे सरकायची, ते माझ्यासोबत. शि. सरक. क. हाताचा पंजा माझ्या नाकापुढे होता, आणि बॅटरीचं तोंड पलीकडे कॅमेऱ्याकडे. मला त्यांचं अक्षर दिसत नव्हतं. खांद्याला कळत होतं, वेलांटी कधी वळली ते.

फोटोत आम्ही दोघं नव्हतो. चिमण्या होत्या, मेथी होती, आणि अधांतरी नाशिक, द्वारकेच्या पाटीसारखं गोल, भरलेलं. वेलांटीच्या टोकाला थोडी थरथर राहिली होती. नानांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि झोपायला गेले.

रविवारी हॉलमध्ये तो फोटो भिंतीवर लागला. बायका हळदीकुंकू सोडून त्याच्यासमोर उभ्या. "काय अक्षर आहे!" "पेंटरच्या वरताण!" मॅडम म्हणाल्या, त्यांनी नुसत्या हातानं काढलेलं इतकं सुंदर अक्षर कुणाचं बघितलं नाही. मी जिंकले होते. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. तेवढंच मला जन्मात जमलेलं नाही.

"मी नाही लिहिलं," मी म्हणाले. "नानांनी लिहिलं. माझ्या खांद्यावर हात टेकवून."

आणि मग जो हशा पिकला! कुणी तिळगुळाच्या ताटावर पडायची राहिली. जाऊ डोळे पुसत म्हणाली, "अगं कशिना, सासऱ्यानं सुनेच्या खांद्यावर हात? थाप मारताना नात्याचं तरी भान ठेव की बाई!" आयुष्यभर खोटं विकलं, ते लोकांनी चढ्या भावानं घेतलं. आणि एकदा खरं आणलं बाजारात तर गिऱ्हाईक नाही!

तेवढ्यात दारात नाना.

चार वर्षांत शेताबाहेर पाऊल न टाकलेला माणूस बायकांच्या हळदीकुंकवाला. दीर त्यांना गाडीवर घेऊन आले होते. नाना म्हणाले होते म्हणे, फोटो बघायचाय. जाऊनं पदर घेतला आणि थेट विचारलं, "नाना, ही म्हणती हे तुम्ही लिहिलं. खरं का?"

नानांनी फोटोकडे बघितलं. मग स्वेटरच्या खिशातून उजवा हात काढला आणि सगळ्यांसमोर, ट्यूबलाइटच्या उजेडात, पुढे धरला. तो थरथर थरथर हलत होता. कुणी मान वळवली, कुणी वळवली नाही.

"ह्या हातानं?" नाना म्हणाले.

मला वाटलं जमीन फाटतेय. मी "नाना!" म्हणाले तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं तोंड मिटलं.

"तिनंच लिहिलंय," ते म्हणाले. "मी बघत होतो खाटेवरून."

एवढं बोलून ते फोटोसमोर उभे राहिले, हात खिशात न घालता, आणि बराच वेळ अक्षर बघत राहिले. घरी येताना मी रिक्षात रडले की चिडले ते मलाच कळलं नाही. घरी आल्यावर विचारलं, कुत्र्याला मधे न घेता: "खोटं का बोललात?"

"हात बघून अक्षर चांगलं म्हणले असते," नाना म्हणाले, "तर ते हाताला म्हणले असते. अक्षराला नाय."

मला हे लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा दूध उतू गेलं होतं. भावकीतली सगळ्यात मोठी थापाडी मी, असं मी समजत होते. तो मान माझ्याकडे नव्हताच.

आणि आता खरी शिक्षा. मॅडमचा फोन आला, पुढच्या वर्गात बायकांना हवेत लिहायला तुम्हीच शिकवा. जाऊनं सगळ्यांत आधी नाव नोंदवलंय. मी नानांपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, आता काय करू? ते म्हणाले, "काय करू म्हंजे? तूच लिहिलंय ना? शीक."

म्हणून आता रोज संध्याकाळी पडवीसमोर शाळा भरते. मी पाटीवर उलटी अक्षरं काढते, ते खाटेवरून बघतात, हात मांडीवर, उघडा. ना पास झाला. शि अजून लंगडतोय. काल क दाखवला तर खूप वेळ बघून म्हणाले, "हा क नाय, हा कान हाय. पूस."

मी पुसला.